पाटीवरची सरस्वती

निजामाचं राज्य गेलं आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा बोरीच्या आडबाजूच्या एका वाडीवर माझी नेमणूक झाली. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची आणि मीही तिथंच राहायचो. घर ना दार, देवळी बिऱ्हाड. मी सेलूच्या बाजारपेठेत वाढलेला, गलबल्याशिवाय झोप न येणारा माणूस. इथं पारावर गेलो की माणसं उठून उभी राहत, ‘बसा मास्तर’ म्हणत आणि गप्प होत. मी उठेपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. त्या आदराचा मला संताप यायचा. माझ्याशी मोकळेपणानं बोलायची ती फक्त पोरं.

त्यांत एका मेंढपाळाची मुलगी होती, दहाएक वर्षांची. बाकीची पोरं धडा तोंडपाठ करून पुस्तकावर नुसतं बोट फिरवत. पुस्तक उलटं धरलं तरी त्यांचं काही अडत नसे. ही अडली की थांबायची आणि त्या अक्षराकडे रागानं बघायची. काना-मात्रा तिला जमल्या होत्या, जोडाक्षरं राहिली होती. दिवाळी झाली की तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला निघणार, ती पावसाळ्यालाच परतणार. घरात तिच्या लग्नाचंही बोलणं चाललं होतं. म्हणजे दिवाळीच्या आत तिला आपलं आपण वाचता आलं तर आलं, नाही तर कधीच नाही. मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

दसऱ्याला मी पाटीपूजन ठेवलं. वाडीतलं ते पहिलंच. एकाच्या आकड्यांची सरस्वती प्रत्येक पाटीवर मीच काढून दिली आणि बजावलं, ‘ही विद्येची देवी. हिला पाय लागू द्यायचा नाही.’ पोरं पाट्या डोक्यावर घेऊन घरी गेली.

सुट्टी संपली तरी कुणी शाळेत आलं नाही. मी रोज घंटा वाजवायचो, फळ्यावर जोडाक्षरं लिहायचो आणि मीच मोठ्यानं वाचायचो. वाटलं, आपल्या हातून गावाचं काही चुकलं असेल. विचारावं तर लोक मान खाली घालत. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. एका दुपारी मारुतीसमोर बसून चक्क रडलो.

शेवटी त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई दारात लोकर कातत बसली होती. ‘पोरगी का येत नाही?’ म्हणून विचारलं, तर तिनं मला आत नेलं. देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांशेजारी, पाटी उभी होती. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

‘तुमीच देव काढून दिलाव की, मास्तर,’ ती म्हणाली. ‘आता त्याच्यावर लिवायचं कसं?’

साऱ्या वाडीनं हेच केलं होतं. पाट्या देवात बसल्या आणि बिनपाटीची पोरं रानात गेली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती!

‘अहो, दसऱ्याला विळा पुजता, मग दुसऱ्या दिवशी त्यानं कापताच ना?’

‘विळा पुसावा लागत न्हाई,’ ती म्हणाली.

मग तीच म्हणाली, ‘तुमी आणला देव, तुमीच बोळवा. आमचा हात न्हाई लागायचा.’ तिनं तांब्याभर पाणी दिलं, पदर पुढं ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी हात जोडले आणि पाटी पुसली. मग घरोघर हेच करत फिरलो.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी मेंढरं सुटायच्या आधीच ओवरीत हजर व्हायची. भाऊबीजेला संध्याकाळी आईला घेऊन आली. मी पुस्तकातला शेवटचा, तिनं कधीच न पाहिलेला धडा उघडला. ती वाचू लागली. एका जोडाक्षराशी अडली, थांबली आणि मी काही बोलायच्या आत पुढं गेली. आईला धडा किती कळला कोण जाणे, पण तिनं पदर डोळ्यांना लावला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सकाळी ती निघाली. घोड्यावर संसार लादलेला, पुढं मेंढरं. मी ओढ्यापर्यंत गेलो.

‘मास्तर, तितं रानात हिनं काय वाचावं हो?’ आईनं विचारलं.

‘मी पत्र लिहीन हिला,’ मी बोलून गेलो.

‘कुठं धाडताल?’ मुलीनं विचारलं.

मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो हसला. ‘मेंढरं चरतील तितं आमी, मास्तर. आज हितं, उद्या तितं.’

कळप ओढा उतरून गेला. पत्र लिहावं असं एक माणूस मला मिळालं होतं, ते वाचणारंही होतं. फक्त त्याला पत्ता नव्हता.