न चुकणारं यंत्र आणि सुजाता

सुजाता वाहुळे गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सगळ्यात आधी हात जोडले होते ते आमच्या तेव्हाच्या उपप्राचार्यांनी. ‘संख्याशास्त्रातील दीपस्तंभ हरपला.’ ज्या माणसानं तिच्या लॅबला कुलूप घातलं, त्याला ती दीपस्तंभ असल्याचं ती गेल्यावर दिसलं... मी मोबाइल पालथा ठेवला आणि तिच्या घराकडं निघाले. त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभा झाली, भाषणं झाली. त्या भाषणांतल्या प्रेमळ, ऋजू बाईंना मी कधी भेटलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुजाता झरीची. वडील शिक्षक, घरात बुद्धवंदना आणि पाढे, दोन्ही चोख लागायचं. ती संख्याशास्त्र शिकवायची, मी भौतिकशास्त्र. परभणीत एकाच स्टाफरूममध्ये आमची उमेदीची वर्षं गेली. ती गोड मुळीच नव्हती. पाहुण्यांपुढं हसत उभं राहणं तिला जमलं नाही, आणि जमवावं असंही वाटलं नाही. माझा तास एकदा मागं बसून ऐकला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “तू शिकवत न्हाईस शैला, वाचून दाखवतीस.” मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग एका विमा कंपनीचं काम कॉलेजकडं आलं. गावोगावी तूर किती पिकेल, याचा अंदाज काढणारं मॉडेल हवं होतं. कित्येक हंगामांचा पाऊस, मातीचे अहवाल, उपग्रहाची छायाचित्रं, गावागावांतलं जुनं उत्पन्न, असा आकड्यांचा डोंगर होता. एका कॉम्प्युटरला तो पेलणारा नव्हता. सुजातानं लॅबमधले सगळे जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आणि डोंगर त्यांच्यात वाटून दिला. प्रत्येकानं आपल्या वाट्यावर अंदाज करायचा, किती चुकलं ते बघायचं, सगळ्यांच्या चुका एकत्र करून मॉडेल जरा सुधारायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या खोलीत बाहेरच्या उन्हाळ्यापेक्षा जास्त उकडायचं. उपप्राचार्य पाहुण्यांना घेऊन यायचे आणि ‘आमचा महासंगणक’ म्हणून दाखवायचे. ती मान वर न करता म्हणायची, “भंगार हाय ते. मिळून काम करायलंय, एवढंच.”

थोड्याच दिवसांत मॉडेल चुकेनासं झालं. काही गावं मुद्दाम बाजूला ठेवली होती, यंत्राची परीक्षा घ्यायला. त्यांचेही अंदाज जवळजवळ तंतोतंत आले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. तिनं पेढ्याला हात लावला नाही. आता तरी खूश हो, असं मी म्हटलं, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गातली ढ मुलगी.

“तूर इतकी शहाणी कधी झाली? इतकं बरोबर यायलंय, हीच खोट हाय.”

ती आकडे उकरत बसली आणि खोट सापडली. देवगाव फाट्याच्या बाजूच्या कितीतरी गावांचे आकडे कुणी शेतात न जाताच भरले होते. शेजारच्या गावाचा आकडा उचलायचा, जरा वरखाली करायचा, झालं. त्यामुळं एक गाव शिकायच्या ढिगात आणि त्याची नक्कल परीक्षेच्या ढिगात, असं झालं होतं. “पेपर फुटलाय,” ती म्हणाली. “यंत्र शिकलं न्हाई, कॉपी करायलंय.” नकला काढून टाकल्यावर तेच हुशार यंत्र सपशेल चुकायला लागलं.

उपप्राचार्यांनी तिला बोलावून सुचवलं की आधीचाच निकाल राहू द्यावा, निकाल जाहीर करायच्या समारंभाच्या कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या आहेत. ती नाही म्हणाली. कार्यक्रम व्हायचा तो झालाच. आधीचा तो निकाल त्यांनीच मांडला, शाल त्यांनीच घेतली. पडद्यावर नाव मात्र तिचंच ठेवलं होतं... ते का, हे पुढं कळलं.

पुढच्या हंगामात तुरीवर मर आली. उभी झाडं वाळली. मॉडेल म्हणत होतं पीक उत्तम आहे, म्हणून कंपनीनं त्या गावांत नुकसानीच्या पाहणीला माणूसच धाडला नाही. लोक कॉलेजवर आले. उपप्राचार्यांनी त्यांना सरळ लॅबकडं वळवलं. मॉडेल मॅडमचं आहे, मॅडमलाच विचारा. मी तिथंच होते. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईनं शांतपणे विचारलं, “मॅडम, तुमच्या मशीननं आमचं रान पाह्यलंय का?”

आपण विरोध केला होता, हे सुजाता सांगू शकली असती. मी त्याचीच वाट बघत होते. ती म्हणाली, “न्हाई मावशी. त्यानं पाह्यलं न्हाई, अन् कुणीच पाह्यलं न्हाई. मी तसं लिहून देते.”

आणि दिलंही, सहीनिशी. कंपनीला माणसं पाठवावी लागली. काही गावांना उशिरा का होईना भरपाई मिळाली, काहींना नाही. कॉलेजनं शिस्तभंग ठरवून लॅब बंद केली आणि तिला परीक्षा विभागात पाठवलं. त्यानंतर कैक हंगाम ती सुटीच्या दिवशी स्वतः खळ्यावर उभी राहून खरे आकडे गोळा करत राहिली. घरच्या कॉम्प्युटरवर तिनं लहानसं मॉडेल केलं. ते चुकायचं, आणि किती चुकतं हे ती आधीच सांगायची. कंपनीला ते नको होतं. चुका कबूल करणाऱ्या यंत्राला शाल कोण घालणार? पण आजही त्या बाजूची काही गावं पेरणीआधी तिच्या आकड्यांकडं बघतात.

आजारपणात डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत काढतील. तिनं त्यांना विचारलं, “मागंपुढं किती?” कुणीही आकडा सांगितला की तो किती चुकू शकतो हे कळावं म्हणून ती हेच विचारायची, भाजीवाल्यालाही, प्राचार्यांनाही. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. “मग पयला आकडा कसा सांगितला?” म्हणाली, आणि कुशीवर वळली. दिवाळी तिनं पाहिली नाही.

शोकसभेत उपप्राचार्य शेवटी बोलले. वर्षभरात अद्ययावत लॅब उभी करून तिला सुजाताताईंचं नाव देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मी बसल्या जागेवरून विचारलं, “मागंपुढं किती?”

व्यासपीठावर कुणाला काही कळलं नाही. माझ्या शेजारी बसलेली तिची बहीण कमल मात्र पदर तोंडाला लावून हसली... सुजाता गेल्यापासून पहिल्यांदा.