फादरांना शिव्या हव्या होत्या

दुबईत एक बरं आहे. शेजारी मिळाला की त्याचं गाव, त्याची भाषा, त्याचे पाहुणे, सगळं सोबत मिळतं! अल बर्शात समोरच्या फ्लॅटमध्ये फिलोमिना राहायला आली आणि माझ्याकडे इतके किस्से साठले, की बहिणीला फोनवर सांगताना कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

फिलोमिना कोर्लईची. रायगडातलं समुद्रकाठचं गाव. तिच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली वेगळीच भाषा बोलतात. मी पेणची, म्हणजे जवळचीच. पण या भाषेबद्दल मला कळलं ते दुबईत!

या भाषेचा शब्दकोश करायला फादर मार्टिन दर रविवारी फिलोमिनाकडे येत. मूळचे बेल्जियमचे, पण आयुष्य कोकणात काढलेलं आणि आता इथल्या चर्चमध्ये. पहिल्या भेटीत मी आपलं अदबीनं विचारलं, "फादर, टी ऑर कॉफी?"

"चहाच. आणि आलं ठेचून घाला, किसून नको."

*

फादरांची पद्धत सोपी. वस्तू दाखवायची, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि विचारायचं, "याला काय म्हणता?"

एकदा ते अख्खी सुरमई घेऊन आले. डोळा, कल्ले, खवले, शेपूट... फिलोमिना एकेक नाव सांगतेय, फादर पुन्हा पुन्हा म्हणून घेताहेत. सुरमई तशीच टेबलावर!

शेवटी तिचा नवरा रॉबर्ट ओरडला, "फादर, यल्ला, खलास करा! नाहीतर आता वासासाठीही शब्द लागेल!"

*

फिलोमिना-रॉबर्टची लेक सगळ्यांना इंग्रजीतच उत्तर देते. फादरांनी तिला घरच्या भाषेत विचारलं, जेवलीस का?

"फादर, व्हाय डू यू टॉक लाइक माय ग्रँडमा?"

फादर इतके खूश! "असं सर्टिफिकेट मला कुठल्याच युनिव्हर्सिटीनं दिलं नाही," असं लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही सांगत गेले.

*

पण एक गोष्ट त्यांना मिळेना. रागाचे शब्द! पाद्री समोर बसल्यावर सगळे गोडच बोलणार.

"कशाला हव्यात हो शिव्या?" मी विचारलं.

"ताई, माझ्या शब्दकोशातली माणसं नुसते मासे खातात आणि प्रार्थना करतात. अशी माणसं तुम्ही कुठे पाहिलीत?"

त्यांनी रॉबर्टला गाठलं. तो म्हणाला, "मला शिव्या समजतात, फादर. देता येत नाहीत. या घरात माझं काम फक्त ऐकायचं!"

*

मग रॉबर्टची आई कोर्लईहून व्हिजिट व्हिसावर आली. या मावशी भांडायला उभ्या राहिल्या की गाव हातचं काम टाकून ऐकायला यायचं म्हणे. महिनाअखेरीला त्या परत जाणार होत्या आणि फादर कायमचे बेल्जियमला. आता नाही तर कधीच नाही!

"फादरांसमोर तसलं बोलू? जीभ झडेल माझी!" मावशी म्हणाल्या.

"मी बाल्कनीत बसतो, मावशी. फोन फक्त इथे ठेवतो."

"फोन कुणाचा? फादरांचाच ना?"

*

निघण्याआधी मावशींना चर्चमध्ये कन्फेशन करायचं होतं. पापं सांगायची तर आपल्याच भाषेत, आणि ती समजणारे इथे फादर मार्टिन एकटेच. रॉबर्ट त्यांना घेऊन निघाला, मीही सोबत गेले.

मावशी आत गेल्या त्या येईचनात. मागची रांग घड्याळं बघायला लागली. अखेर त्या हलक्या होऊन बाहेर आल्या. सगळ्यांचं आटोपल्यावर फादर आले. कान लालबुंद!

रॉबर्टनं अधीर होऊन विचारलं, "मिळाले शब्द?"

"कन्फेशनमध्ये ऐकलेलं तिथेच राहतं, रॉबर्ट."

"एकही घेता येत नाही?"

"एकही नाही."

इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मावशींनीही तो पाहिला.

*

त्याच संध्याकाळी मावशींनी फादरांना घरी बोलावलं. सोफ्यावर नीट मांडी घालून म्हणाल्या, "लावा ते मशीन."

"मावशी, पापं नकोत. नुसते शब्द सांगा."

"नुसते कसे आठवतील? कुणाला म्हटले, कशावरून म्हटले, तसं सांगत गेलं की येतात."

आणि सुरू झाल्या! मला एक अक्षर कळत नव्हतं. फादर डोळे मिटून ऐकत होते. रॉबर्ट आधी हसला, मग बायकोकडे बघून त्यानं हसू आवरलं. कारण मावशींच्या बोलण्यात एक नाव मलाही स्पष्ट कळत होतं, फिलोमिना! आणि ते फार वेळा येत होतं.

मावशी दम घ्यायला थांबल्या. फादरांनी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला.

फिलोमिनानं हातातली केकची प्लेट खाली ठेवली, फोन आपल्याकडे ओढला आणि ताठ बसून म्हणाली, "बंद नका करू, फादर. उत्तरंही घ्या!"