मापाचा शब्द

मावशीची जीभ कात्रीपेक्षा धारदार, असं कपड्यांच्या कारखान्यात सगळेच म्हणायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती तिथे धागे तोडायला लागली, आणि धागे तोडता तोडता तपासणीच्या टेबलापर्यंत पोचली. शिवलेला सदरा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात जात नसे. कॉलरवरच्या लेबलावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती सदरा लाकडी पुतळ्याच्या अंगावर चढवायची, खांदे ओढून बघायची आणि बसला नाही तर शिवणाऱ्याच्या मांडीवर भिरकावून द्यायची.

"लेबल काय, कुणीही लावतं," ती म्हणायची.

सुपरवायझरला एक खोड होती. टाका दाखवायच्या निमित्ताने नव्या काजवालीच्या पाठीशी उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि तो तिथेच विसरायचा. काजवाली बिचारी मान खाली घालून सदऱ्यांना बटणांची काजं करत राही. एके दिवशी मावशीने लाकडी पट्टी टेबलावर अशी आपटली, की मशिनी थांबल्या.

"हात उचला साहेब. तो तुमच्या बायकोच्या मापाचा आहे."

अख्खा हॉल हसला. साहेबांचं तोंड काळंठिक्कर पडलं.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या हातात इंग्रजी माफीनामा पडला, वर घडल्या प्रकाराची हकीगत. सही करा, नाहीतर घरी बसा. रात्री जेवताना मुलीने तो वाचला.

"तुझं वागणं 'इनडिसेंट' होतं म्हणे."

"म्हणजे उद्धट?"

"छे. उद्धटाला 'रूड' म्हणतात. ते तू जन्मापासून आहेस. 'इम्प्रॉपर' म्हणजे त्या जागी न शोभणारं. 'मिसकंडक्ट' म्हणजे नोकरीतलं गैरवर्तन. आणि 'इनडिसेंट' म्हणजे..." मुलगी घुटमळली. "लाज सोडलेलं. अश्लील."

मावशीचा घास हातातच राहिला. "आणि त्या मेल्याला काय म्हटलंय?"

"'ओव्हरफ्रेंडली'. जरा जास्तच मनमिळाऊ."

"कर सही आणि हो मोकळी," नवरा म्हणाला. "शब्दाने काय अंगाला भोकं पडतात?"

"अंग कुणाचं आहे?" मावशीने विचारलं, तसा तो भात कालवायला लागला.

मावशीने सही केली नाही, तेव्हा चौकशीला हेड ऑफिसच्या मॅडम आल्या. हॉलमध्येच टेबल टाकलं. बाई समजूतदार होत्या. "मावशी, नुसते शब्द आहेत हो. सही केलीत तर नोकरी राहते."

"घालून बघितल्याशिवाय मी माल पास करत नाही, मॅडम. तुम्ही जरा त्या मशिनीवर बसता?"

मॅडम हसत बसल्या. मावशी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, सुपरवायझर राहायचा तितकीच जवळ. खांद्यावर हात ठेवला आणि टाक्याबद्दल बोलत राहिली. हात काही काढला नाही. मॅडमचं हसू ओसरलं, पाठ ताठ झाली. त्या पुढे सरकल्या, तर मावशीही सरकली.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

"मी बाई असून पुरे झालं ना? हे मनमिळाऊ?"

"अहो, मी तिला लेकीसारखी..." सुपरवायझरने तोंड उघडलं.

"रोज," काजवाली म्हणाली. तिचा आवाज हॉलने पहिल्यांदाच ऐकला. "रोज असंच. मी सरकत सरकत स्टुलाच्या टोकाला येते, म्हणून काजं वाकडी जातात. त्यावरून पुन्हा बोलणीही मीच खाते."

मॅडमनी माफीनाम्यातल्या 'ओव्हरफ्रेंडली'वर रेघ मारली आणि वर 'हॅरॅसमेंट' लिहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे छळ."

"बसला," मावशी म्हणाली. "आता माझा शब्द बघा. पट्टी आपटली, साहेबांच्या बायकोला मध्ये आणलं. लाज सोडली का मी?"

"नाही."

"मग काय केलं?"

मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं. "रूड."

"तेच लिहा. तेवढा माझ्या मापाचा आहे. त्याच्यावर आत्ता सही करते."

आणि केली की, टेबलावर कोपर टेकून, ऐसपैस. साहेब त्याच दुपारी डबा उचलून गेले ते परत आले नाहीत. मावशी मात्र टेबलावर जास्तच पसरून बसायला लागली.

थोड्या दिवसांनी काजवालीने तिच्यासाठी पुढे बटणं असलेला एक ॲप्रन शिवला. कॉलरला लेबल होतं, त्यावर लाल धाग्याने भरलेलं: 'रूड'. हॉलभर खसखस पिकली. मावशीने ॲप्रन अंगावर चढवला, खांदे ओढून बघितले. मग सवयीने काजांवरून बोट फिरवलं.

एकूणएक सरळ होती.