सायलाउच्या कार्डावरचा चोर

सायलाउ जन्मला त्या दिवशी कझाकस्तानातल्या बल्खाशमध्ये मतदान होतं, म्हणून बापानं नाव ठेवलं सायलाउ, म्हणजे निवडणूक. त्या काळच्या मतदानात उमेदवार एकच असे. त्यामुळे पुढं आयुष्यात आपल्यासमोर दोन रस्ते कधी आलेच नाहीत, याचा दोष तो कुणाला देत नसे. तांब्याच्या कारखान्यात लागला, कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा सुटला, आणि आवाज मोठा होता म्हणून असाबा झाला. समारंभात माइक ज्याच्या हातात असतो तो असाबा. लग्न असो, कुणाची साठी असो, पाहुण्यांना हसवायचं, म्हाताऱ्यांना आशीर्वादासाठी उभं करायचं, रुसलेल्या व्याह्याला नाचवायचं आणि कुणाचं नाव चुकवायचं नाही. एक वेळ खून माफ होईल, चुकलेलं नाव होत नाही.

वीसेक वर्षं हे केल्यावर माणसाचं काय होतं ते सायलाउकडं बघून कळे. हॉलमध्ये तो फुलबाजी असे आणि घरी आला की ओली काडेपेटी. बायको, रिस्ती, म्हणायची, "सगळं हसू बाहेर वाटून येतात, घरी नुसती पिशवी आणतात."

पैशाचा कारभार रिस्तीकडं होता. जाहिरातीवर नंबर तिचा, सुपारी ती ठरवणार, पैसे तिच्या फोनवर येणार. कारण नात्यातल्या माणसाकडून पैसे घ्यायला सायलाउला लाज वाटे, आणि बल्खाशमध्ये नात्यात नसलेला माणूस शोधायला दुर्बीण लागते. सायलाउच्या खिशात स्वतःचं असं एकच होतं, क्रेडिट कार्ड. बाजारात बँकेच्या एका पोरीनं ते गळ्यात मारलं होतं, त्यावर छत्री फुकट. बल्खाशमध्ये पाऊस नावालाच, तो कसा असतो ते त्या छत्रीला अजून कळलेलं नाही.

आता असाबाच्या कामात एक पोकळी असते. घोड्याच्या मांसाच्या पराती बाहेर आल्या की हॉल गप्प होतो. त्या वेळात खुद्द मंत्री माइकवर आले तरी कुणी मान वर करणार नाही. तेवढा वेळ सायलाउ स्पीकरच्या खोक्यांमागं बूट काढून बसे. पाय ठणकत. एकदा कीबोर्डवाल्यानं त्याला फोनवर दाखवलं की कुठल्याशा परक्या गावातल्या तळघरात दोन टकले दिवसभर टेबल टेनिस खेळतात आणि त्यांच्यावर पैसे लावता येतात. सायलाउला ते दोघं लगेच आपलेसे वाटले. त्यांच्याकडंही कुणी बघत नव्हतं, तरी ते घाम गाळत होते.

तर तो लावू लागला. पण जुगाऱ्यासारखा नाही, हे तो स्वतःला वारंवार सांगे. त्याचे नियम होते. एका वेळी हजार तेंगेच भरायचे, जास्त नाही. मोठी रक्कम भरतो तो जुगारी. आणि जे जिंकलं ते संध्याकाळी कार्डावर परत आणायचं, कंपनीकडं ठेवायचं नाही. पैसे तिथंच ठेवतो तो जुगारी. सकाळी पुन्हा हजार भरायचे. हरलं तर दुपारी आणखी हजार. हार-जीत तो मनात मांडून ठेवी. पाहुण्यांची नावं ज्या डोक्यात मावतात, तिथं एवढं मावणं काही अवघड नव्हतं. महिन्याला बँकेला काही ना काही भरावं लागे, तेव्हा रिस्तीकडं तेवढे पैसे मागताना तो सांगे, माइक दुरुस्तीला दिलाय.

असं चाललं होतं आणि नातू चालायला लागला.

पोरगं पाय टाकायला लागलं की त्याच्या घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळलेली दोरी बांधतात, आणि चार माणसांत कुणीतरी ती कापतं. मग पोरगं मोकळं होऊन धावतं. कापणारा जसा, तसं पोरगं आयुष्यभर चालतं. म्हणून माणूस पारखून निवडतात. असाबा या वेळी माइकवर एक ठरलेलं वाक्य म्हणतो: ज्यानं कधी दुसऱ्याची काळी-पांढरी दोरी ओलांडली नाही, तो ही दोरी कापेल. दुसऱ्याची दोरी ओलांडणं म्हणजे जे आपलं नाही त्याला हात लावणं. हे वाक्य सायलाउनं इतक्या पोरांसाठी म्हटलं होतं की झोपेतसुद्धा त्याला बरोबर जागी हुंदका घेता येई.

रिस्तीनं जेवताना जाहीर करून टाकलं की नातवाची, एर्नारची दोरी आजोबा कापणार. मुलगा मेदेत खूश झाला, सूनबाई नाझीमनं माहेरी फोनही केला. तिच्या घरी असाबा म्हणजे मोठी गोष्ट होती. "आत्ता नुसतं चालतंय," रिस्ती म्हणाली, "तुमच्या हातानं कापलं की बोलायलापण लागेल. मग ऐका जन्मभर." सगळे हसले. सायलाउनं चहात साखर घातली, पुन्हा घातली, आणि तो गोड पाक निमूट पिऊन टाकला.

त्यानं मनाशी ठरवलं, समारंभाच्या आत सगळं मिटवायचं. कार्डावर जे काही देणं असेल ते दोन-तीन चांगल्या डावांत फेडायचं, मग मोकळ्या मनानं कात्री धरायची. पण दुसऱ्याच दिवशी, एका साठीच्या समारंभात पराती फिरत असताना त्यानं हजार भरायला घेतले आणि फोन म्हणाला, कार्डावर पैसे शिल्लक नाहीत.

सायलाउ उडालाच. मनातल्या हिशेबाप्रमाणं तो जेमतेम एका मेंढीच्या किमतीएवढा हरला होता. मग बाकीचे गेले कुठं? विचार करून करून त्याला उत्तर सापडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं. कार्डावर चोर बसला होता. आजकाल काय काय होतं. पैसे चोरानं खाल्ले असतील तर आपण खाल्लेले त्यात दिसणारही नाहीत.

चोराची तक्रार करायला तो बँकेत गेला. खिडकीमागं तोरगिन होती. तिच्या लग्नात त्यानंच माइक धरला होता आणि तिच्या सासऱ्याला दोनदा नाचवलं होतं. "आगा, बसा," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ती म्हणाली आणि स्क्रीनवर बघू लागली. बघता बघता तिनं आवाज खाली आणला. त्या आवाज खाली आणण्यातच सायलाउला अर्धं उत्तर मिळालं.

"आगा, चोर नाहीये."

"असं कसं? नीट बघ पोरी."

"तुम्ही खेळाच्या कंपनीत भरता ना, ती बँकेच्या लेखी खरेदी नाही. रोख काढल्यासारखं आहे ते. रोखीवर दर वेळी फी लागते. आणि कार्डाचे ते बिनव्याजी दिवस असतात ना, ते रोखीला नसतात."

"पण मी थोडेथोडेच भरत होतो."

"तेच तर. कमीत कमी फी ठरलेली आहे. हजार भरा नाहीतर दहा हजार, ती पाचशे घेणारच. सगळे एकदम भरले असते तर…" ती थांबली. बँकेत बसून असं वाक्य पुरं करू नये हे तिला सुचलं असावं. "शिवाय जिंकलेले तुम्ही रोज परत आणलेत आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा भरलेत. म्हणजे पुन्हा फी."

सायलाउ काचेला नाक लागेल इतका पुढं वाकला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे मी हरलो किती?"

"खेळात? फारसं नाही, आगा. जवळजवळ बरोबरीत आहात. बाकी सगळी फी आणि तिच्यावरचं व्याज."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "असाबा, आज बँकेत कार्यक्रम आहे का? एखादा होऊन जाऊ दे." सायलाउ वळला आणि सवयीनं एक विनोद सांगून मोकळा झाला. रांग खो खो हसली. तोही हसला. पुन्हा काचेकडं वळला तेव्हा एकटी तोरगिन हसत नव्हती.

तिनं सांगितलं की सरकारी ॲपवर माणसाला स्वतःवरच बंदी घालून घेता येते, मग कुठलीच कंपनी त्याचा डाव घेत नाही. सायलाउनं तिथंच तिच्याकडून ते करून घेतलं. फार सोपं निघालं. हरण्यापेक्षाही सोपं. पण बंदी पुढच्या डावांवर असते, मागच्या फीवर नाही. रस्त्यावर आल्यावर त्याला जाणवलं की आपण जुगारी असतो तर निदान हरल्याचं दुःख तरी आपलं असतं. आपण काटकसर करून बुडालो.

समारंभाच्या आदल्या दुपारी रिस्तीनं लोकर काढली, एक गुंडी काळी, एक पांढरी. दोरी पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि दोघांनी उलट दिशांना पिळत राहायचं. सायलाउच्या हातात टोक देऊन ती खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी उभी राहिली. टोक हातात असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. कदाचित म्हणूनच तो बोलला.

"उद्या दोरी मी कापणार नाही."

"का? हात कापतात का आता तुमचे?"

त्यानं सांगितलं. टकले, पराती, हजार-हजार, बँक, तोरगिन, सगळं. सांगताना त्याचा आवाज असाबाचा नव्हता, त्यामुळं तिला एक-दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणावं लागलं. मध्येच त्याचा हात सैल पडला.

"सोडू नका," ती म्हणाली, "पीळ निघेल."

ती पिळत राहिली. आकडा विचारला, त्यानं सांगितला. एवढे पैसे म्हणजे मेदेतच्या घराला लावायच्या नव्या खिडक्या होत्या, हे दोघांनाही न बोलता कळलं.

"माइक दुरुस्तीला दिला म्हणालात तो?"

"बिघडलाच नव्हता."

"दर वेळी?"

"दर वेळी."

रिस्तीनं दोरीला आणखी एक पीळ दिला. "दुसरी बाई असती तर जाऊन तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या," ती म्हणाली. "फीच्या कुठं धरू?"

पीळ पुरता बसला की दोरी मधोमध दुमडावी लागते, म्हणजे दोन्ही टोकं जवळ आणावी लागतात. ते दोघं हळूहळू एकमेकांकडं चालत आले. दोरी आपोआप वेटोळली, काळा आणि पांढरा धागा एकमेकांत गुंतले. रिस्तीनं त्याच्या हातातलं टोक काढून घेतलं आणि गाठ मारली.

"कुल्याश आपाला सांगते कापायला," ती म्हणाली. "पोरांना सांगू, शेजारात वडील बाई असताना आजोबांनी तिला मान दिला. माइक मात्र तुम्हीच धरा. दुसरा असाबा आणायला आता पैसे कुठून काढू?"

कुल्याश आपा शेजारची. जन्मभर मासळीच्या गोदामात काट्यावर होती आणि एक मासा कधी इकडचा तिकडं झाला नव्हता. दोष एकच, खुबा मोडल्यापासून ती डुलत डुलत चाले. नाझीमचा मामा हॉलमध्ये मोठ्यानं म्हणालाच, "पोरगं बदकासारखं चालणार." आपा म्हणाली, "चालू दे. बदक कुणाच्या दारात कर्ज मागायला जात नाही." सायलाउनं माइक तोंडाजवळून खाली घेतला.

मांस खाऊन झालं होतं. त्या दिवशी पराती फिरत असताना तो पहिल्यांदाच स्पीकरमागं नुसता बसला होता, रिकाम्या हातांनी, आणि तेवढा वेळ किती लांब असतो ते त्याला कळलं. मग पांढरं कापड अंथरलं गेलं. मेदेतनं एर्नारला उभं केलं, रिस्तीनं मागून काखेत धरलं. सायलाउनं आपाचं नाव पुकारलं, तिच्या गुणांचं वर्णन केलं, टाळ्या मागितल्या. आणि ते ठरलेलं वाक्य गाळून सरळ म्हणाला, "घ्या आपा, कात्री."

"अरे असाबा," मामा ओरडला, "दोरीचं वाक्य विसरलास की. म्हातारा झालास."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. सायलाउनं माइक वर घेतला. आवाज आपसूक आला, तोच, हॉलभर भरणारा.

"ज्यानं कधी दुसऱ्याची दोरी ओलांडली नाही," तो म्हणाला, "तो ही दोरी कापेल. आणि ज्यानं ओलांडली, तो माइक धरेल."

हॉल हसून लोळला. मामानं टेबल बडवलं, कीबोर्डवाल्यानं एक झंकार दिला. इतकी दाद त्याला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. रिस्ती नातवाला धरून खाली वाकली होती. तिचा चेहरा सायलाउला दिसला नाही, फक्त मान एकदा हलली, जशी हिशेब ऐकून घेतल्यावर हलते.

आपानं दोरी कापली. गोड गोळ्या आणि नाणी उधळली गेली. पोरगं दोन पावलं टाकून गोळी उचलायला खाली बसलं, आणि सायलाउनं पुढचं नाव पुकारलं.