भरीत म्हणून वाढलेलं

डॉक्टरांनी तिखट खायला हरकत नाही असं सांगितलं, त्या दिवशी अण्णांनी दवाखान्याच्या जिन्यातच मला विचारलं, "इथे भरीत कुठे मिळेल का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. भुसावळजवळच्या आमच्या गावात शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. जिभेच्या कडेला आलेली गाठ काढल्यावर रेडिएशनचा शेक घ्यायला ते माझ्याकडे बंगळुराला आले आणि मग तपासण्यांसाठी राहिले. गावात त्यांनी हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. फक्त धाकट्या काकांना माहीत होतं. बाकी सगळ्यांना सांगितलेलं, की मुलीकडे आरामाला चाललोय. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकटीच राहते, त्यामुळे ते खोटंही वाटत नव्हतं.

शेक सुरू झाला तशी त्यांची मान काळी पडली, तोंड सोलून निघालं. पाण्यालासुद्धा चव लागेना. त्या दिवसांत त्यांना जगवलं ते आमच्या घरमालकीण अक्कांनी. बसवनगुडीत अक्कांच्या घराण्याला काही पिढ्या झाल्या. त्यांची मराठी निम्मी कानडी आहे. रोज सकाळी त्या वरच्या मजल्यावर नाचणीची पातळ आंबील घेऊन यायच्या आणि दारातून म्हणायच्या, "स्वल्प घ्या, मास्तर, आज मीठसुद्धा घातलंय." अण्णांनी असलं काही उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं, पण कुरकूर न करता ते भांडं रिकामं करायचे. आमच्या घरात अन्नाला नावं ठेवायची नाहीत हा त्यांचाच नियम. लहानपणी आमटी खारट झाली असं म्हटलं म्हणून मला पानावरून उठवलं होतं.

तर अशा माणसानं स्वतःहून काहीतरी मागितलं. मी त्याच संध्याकाळी फोनवर शोधायला बसले. राजाजीनगरला एक मराठी हॉटेल सापडलं. त्याच्या मेनूवर लिहिलं होतं, 'अस्सल खान्देशी भरीत, थेट शेतातून चुलीवर.' शेतातून चुलीवर! मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि चष्मा वर करून स्वतः पुन्हा वाचलं.

रविवारी दुपारी आम्ही मेट्रोनं गेलो. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉलर वरपर्यंत लावली, तरी काळी पडलेली मान दिसायची ती दिसतच होती. वाटेत कुणी "अण्णा, सरका" म्हटलं की ते वळून बघायचे. इथे प्रत्येक पुरुषाला अण्णाच म्हणतात, ही गोष्ट काही त्यांच्या अंगवळणी पडली नव्हती.

हॉटेलच्या भिंतींवर नथी, फेटे, ढोल रंगवलेले होते. मालक पुण्याचा, साधारण माझ्याच वयाचा. आधी कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता म्हणे. मराठी ऐकून तो स्वतः टेबलाशी आला. अण्णा भुसावळकडचे आहेत हे कळल्यावर तर तो फारच खूश झाला. अस्सल खान्देशी माणूस आमच्याकडे आलाय, एक फोटो काढू का, असं त्यानं विचारलं. आजारी पडल्यापासून अण्णांनी मला एक फोटो काढू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र ते हो म्हणाले. खिशातला कंगवा काढून त्यांनी केस सारखे केले आणि हसले. भूक लागलेल्या माणसाचं हसू होतं ते. अजून ताट आलं नव्हतं.

मग भरीत आलं. तांब्याच्या मुलाम्याच्या छोट्या कढईत, लालभडक. वर वितळणारा बटरचा तुकडा आणि दोन काजू.

आमच्याकडचं भरीत हिरवं असतं. भरताची लांब, पांढुरकी-हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. काड्या भराभर पेटतात, वांग्याला धूर चाटून जातो आणि आतला गर साईसारखा होतो. मग तो लाकडी बडगीत ठेचायचा, त्यात हिरवी मिरची आणि लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वर सढळ हातानं तेल. टोमॅटोचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

अण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. तिसरा घास जिभेवर या बाजूनं त्या बाजूला फिरवत राहिले. मग कढई माझ्याकडे सरकवून हलक्या आवाजात म्हणाले, "तू खाऊन बघ बरं. माझी जीभ गेली का कायमची?"

मी खाल्लं. ते गोड होतं. टोमॅटोची प्युरी, साखर, गरम मसाला आणि त्याखाली कुठेतरी एक लगदा. गॅसवरसुद्धा ते वांगं धड भाजलेलं नव्हतं, उकडलंच असावं.

"तुमची जीभ ठीक आहे, अण्णा," मी म्हटलं. "हे भरीतच नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. आज इतक्या दिवसांनीही मला त्या पदार्थाबद्दल जो संताप आहे, तो त्या प्रश्नाचा आहे. महिनोन् महिने माणूस वाट बघतो, हिंमत करून पहिला घास घेतो, आणि त्याला वाटावं की आपली जीभच मेली! कुणाच्या तरी मेनूकार्डावर छान दिसतं म्हणून लिहिलेल्या चार शब्दांपायी.

अण्णांनी मालकाला बोलावलं. नियम मोडायचा आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, कान लाल झाले होते. उभं राहून, वर्गात बोलावं तसं, ते म्हणाले, "तुम्ही काय वाटेल ते विका. पण याला भरीत म्हणू नका."

मालक हसला. "काका, इथे असंच लागतं. सगळ्यांना आवडतं." त्यानं अण्णांचा खांदा थोपटला आणि पलीकडच्या टेबलावर गेला. खांदा थोपटला! माझ्या वडिलांचा, ज्यांच्यासमोर आमच्या गावात अजूनही पन्नाशीचे लोक विडी विझवतात.

मला तिथेच भांडायचं होतं. अण्णा म्हणाले, चल. घरी त्यांनी अक्कांचा दहीभात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी ती कुढत कुढत विसरले असते. पण त्याच आठवड्यात काकांचा गावाहून फोन आला. ते चिडलेले होते. म्हणाले, अण्णांचा फोटो सगळीकडे फिरतोय. कुणीतरी बंगळुरातल्या कुठल्या हॉटेलच्या पानावर पाहिला, तिथून तो गावच्या ग्रुपवर आला. मी शोधला. हसणारे अण्णा, विंचरलेले केस. खाली लिहिलं होतं, 'खास जळगावहून आलेले काका म्हणतात, अगदी शेतातल्या भरिताची चव!'

लबाडीची परिसीमा असते की नाही? तोंडावर सांगितलेलं असताना त्यांच्याच तोंडी उलटं वाक्य घातलं होतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे फोटोत ती मान दिसत होती. दिवसभर अण्णांचा फोन वाजत राहिला. जुने विद्यार्थी, शेजारी, सोयरे. मास्तर, मानेला काय झालं? एवढे कसे वाळलात? एकानं सरळ त्या रोगाचं नाव घेऊनच विचारलं. अण्णा प्रत्येकाला, काही नाही, उन्हानं झालंय, असं सांगत होते. संध्याकाळी त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. एवढे दिवस राखलेली गोष्ट त्यांच्या हातातून गेली होती, तीही असल्या लाल लगद्याच्या जाहिरातीसाठी.

मी हॉटेलला फोन केले, मेसेज केले. उत्तर आलं ते जोडलेल्या हातांच्या चित्राचं. त्या रात्री अक्कांना सांगताना माझा आवाज चढला. त्या शांतपणे म्हणाल्या, "जा तिथे. फोटो काढून टाकल्याशिवाय उठू नको. सुम्ने बसून काय होतंय?" सुम्ने म्हणजे उगीच. अण्णा म्हणत होते, जाऊ दे आता, कळायचं त्यांना कळलं. मी जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी राजाजीनगरला गेले. जेवणाची गर्दी ऐन भरात होती. मालकानं मला ओळखलं, बसायला सांगितलं, मठ्ठा मागवला. मी उभीच राहिले. फोटो काढून टाका म्हटलं. तो म्हणाला, सोशल मीडियाचं काम दुसरी एक मुलगी बघते, तिला सांगतो. मी म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर. मग तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. तशी वांगी इथे मिळत नाहीत, चुलीला परवानगी नाही, हिरवं भरीत बघून लोक नाक मुरडतात, लाल रंग लागतो, बटर लागतं. हे सगळं खरंही असेल. मला त्याच्या टोमॅटोचा राग नव्हताच. अक्कांच्या आंबिलीतही आमच्या गावचं काही नव्हतं, पण ही तुमच्याकडची आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

"मग वांग्याची भाजी लिहा ना," मी म्हटलं. "खान्देश कशाला? शेत कशाला?"

"ताई, नावावरच गिऱ्हाईक येतं," तो म्हणाला. अगदी निर्मळपणे म्हणाला.

मग मात्र मी मोठ्यानं बोलले. शेजारची टेबलं थांबून ऐकायला लागली. मी सांगितलं, की या फोटोतला माणूस माझे वडील आहेत. ते कॅन्सरमधून उठलेत. तुमचं जेवण खाऊन त्यांना वाटलं की आपली चव कायमची गेली. ते तुम्हाला हे भरीत नाही असं म्हणाले, आणि तुम्ही त्यांच्या नावावर खोटं छापलंत. कॅन्सर हा शब्द मी चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला. जीभ अडखळली नाही.

त्यानं खिशातून फोन काढला आणि फोटो पुसला. ज्या मुलीला सांगायचं होतं, तिची गरजच पडली नाही. मग गल्ल्याच्या खणातून एक कूपन काढून माझ्यापुढे धरलं. पुढच्या वेळी दोघांचं जेवण हॉटेलकडून. मी ते घेतलं नाही. बाहेर पडताना मेनूचा फळा पाहिला. 'थेट शेतातून चुलीवर' तसंच होतं, आणि आजही आहे.

मार्गशीर्षात मी अण्णांना गावी घेऊन गेले. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. काकांनी मळ्यात भरिताचा बेत केला. काड्यांचा जाळ, धूर, बडगीत मुसळाचा ठक ठक आवाज. काकांनी भावासाठी मिरच्या मुद्दाम कमी घातल्या होत्या. केळीच्या पानावर पहिलं भरीत अण्णांना वाढलं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

अण्णांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, मन भरून आलं. पण त्यांची जीभ भाजत होती. शेकानं नाजूक झालेल्या तोंडाला तेवढीशी मिरचीही सोसवेना. तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी पुन्हा एक कण जिभेवर ठेवून पाहिला आणि हात मागे घेतला. काका ओशाळले, दही आणायला धावले.

"हे भरीत आहे," अण्णा म्हणाले. "मला खाता येत नाही, तो भाग वेगळा."

मग त्यांनी दह्यात भाकरी कुस्करली आणि खाली मान घालून खात राहिले. बाकीचे अवघडून बसले होते. मला कुणाचा राग येत होता ते नीट कळत नव्हतं. गाठीचा, शेकाचा, की त्या डॉक्टरांचा, ज्यांनी इतक्या सहज हरकत नाही म्हटलं. मी माझ्या पानातलं भरीत संपवलं. मग हात लांब करून अण्णांच्या पानातलं ओढून घेतलं आणि तेही खाल्लं, अगदी पान पुसून.