कोयत्यामागची झोळी

"ह्यात कोण न्हाई?"

लसींचं मागणीपत्र टाइप करून समोर ठेवलं, की सिस्टर पेनाचं टोपण काढायच्या, कागदावरून बोट फिरवायच्या, टोपण परत लावायच्या आणि हा प्रश्न विचारायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, बाई चुका काढायलाच बसल्यात. मी म्हणायचो, "सगळी गावं आहेत, सिस्टर. क्रमाने आहेत."

"गावं हायत रे. लेकरं हायत का?"

मी लातूरचा. तिथल्या शिकवणीवर्गांत दोन वर्षं घासूनही डॉक्टरकीला नंबर लागला नाही. मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून चिकटलो. तिथल्या लसींच्या खोलीची जबाबदारी सिस्टरांकडे होती. किरकोळ अंगाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं आणि बाजूला ठेवून दिलं. त्यांच्यासाठी मी "ए लातूर" झालो, तो शेवटपर्यंत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपलं नाव बदलून टाकतात आणि आपल्याला त्याचं बरंच वाटतं.

त्यांचं माहेर देगलूरकडचं. त्यामुळे लसींच्या फ्रीजशी त्या तेलुगू मिसळून बोलायच्या. सकाळी आल्या आल्या झाकणावर कान टेकवायचा, थर्मामीटरचा आकडा वहीत लिहायचा आणि म्हणायचं, "येमम्मा, आज कशी हाय तब्येत?" लाइट गेली की त्यांची चालण्याची गती बदलायची. एकदा उन्हाळ्यात नव्या डॉक्टरसाहेबांनी आमरसाची बाटली त्या फ्रीजमध्ये ठेवली. सिस्टरांनी ती दोन बोटांनी उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "साहेब, हे लेकरांचं घर हाय. पाव्हण्याला जागा न्हाई." साहेब हसले. आमरस तसाच कोमट प्यायले.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटरमध्ये लोकसंख्या असायची. तीवरून वर्षाला जन्मणारी मुलं काढायची, बाराने भागायचं, मागच्या वर्षी किती लस लागली ते बघायचं आणि महिन्याची मागणी जिल्ह्याला पाठवायची. पाच मिनिटांचं काम. मला ते फार नेटकं वाटायचं. सिस्टरांना ते अजिबात पटायचं नाही. "बाराने भाग कामून देतो? लेकरं काय पगार हायत, दर महिन्याला सारखी यायला?"

आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायची, ती पाडव्याच्या पुढेमागे परतायची. त्याच दिवसांत माहूरच्या रस्त्यावर वीटभट्ट्या लागायच्या आणि तिथे भलतीकडची कुटुंबं यायची. म्हणजे एकीकडची लेकरं जायची, दुसरीकडची यायची, आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळी वर्षभर जागच्या जागी बसलेली असायची. सिस्टर मात्र भाद्रपदातच कामाला लागायच्या. एसटीच्या कंडक्टरला विचारायच्या, पिठाच्या गिरणीत विचारायच्या, भट्टीशेजारच्या किराणा दुकानात छोटे बिस्किटपुडे किती खपतात ते विचारायच्या. आणि सगळ्यात आधी ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला गाठायच्या. "यंदा किती कोयते उचलून राहिला रे?"

कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादम कोयते मोजायचा. सिस्टर त्याच्या वहीकडे बघत पुटपुटायच्या, "एका कोयत्यामागं एक झोळी धर." झोळी म्हणजे तिच्यातलं तान्हं लेकरू. त्या हिशोबाने त्या लसीचा आकडा काढायच्या. तो माझ्या आकड्याच्या आसपासही नसायचा. पण तांड्यावर लस संपली नाही की उरली नाही, असं मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

जिल्ह्याच्या कार्यालयात मात्र सिस्टर 'वाया घालवणाऱ्या' म्हणून प्रसिद्ध होत्या. गोवराच्या एका बाटलीत पाच डोस असतात. बाटली एकदा तयार केली की चार तासांत वापरायची, उरलेलं टाकून द्यायचं. त्यामुळे पुष्कळ जण चार-पाच पोरं जमेपर्यंत बाटली फोडत नाहीत. एकट्या पोराला पुढच्या महिन्यात ये म्हणतात. सिस्टर एका पोरासाठी बाटली फोडायच्या. एकदा त्याचा खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी मला उत्तर टाइप करायला सांगितलं: "बाटलीत पाच डोस होते, समोर लेकरू एकच होतं. लेकराला परत पाठवलं असतं तर बाटली वाचली असती." मी म्हणालो, "सिस्टर, हे जरा उद्धट वाटतं." त्या म्हणाल्या, "मग खाली 'आपली विश्वासू' टाक. गोड होईल."

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे, त्या वर्षी मुकादमाचे कोयते एकदम वाढले होते. सिस्टरांनी दसऱ्याआधीच्या महिन्यासाठी गोवराची मागणी नेहमीच्या दुप्पट लिहिली, सही केली आणि मुलीच्या बाळंतपणासाठी चार दिवस रजेवर गेल्या. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्यावरून फोन आला. तुमच्याकडे आधीच एवढी लस वाया जाते, आणि दुप्पट कशाला? आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "मागच्या वर्षीचा आकडा टाक आणि पाठवून दे. डोक्याला ताप नको."

मी सिस्टरांना फोन करू शकलो असतो. नंबर पाठ होता. बाळंतपणात कशाला त्रास द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर साहेबांना पुन्हा विचारायची मला भीती वाटत होती. मी आकडा बदलला. एक बटण दाबलं आणि चहाला गेलो.

लस आली ती निम्मी. सिस्टरांनी डबा उघडला, बाटल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. "हे काय रे लातूर?"

"जिल्ह्यानंच कमी पाठवल्या," मी म्हणालो.

त्या बाटल्या फ्रीजमध्ये लावू लागल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

तांड्यावर लसीकरणाचा दिवस धरला तो ट्रक निघायच्या आदल्या दिवशीचा, कारण त्या दिवशी सगळी माणसं घरी सापडतात. बायका भांडी बांधत होत्या, मधूनच लेकरू काखेत मारून रांगेत येत होत्या. दुपारी बाटल्या संपल्या तेव्हा एकोणीस लेकरं रांगेत होती. सिस्टरांनी शेजारच्या तीन आरोग्य केंद्रांना फोन लावले. एका केंद्रावरून मोटारसायकलवर दोन बाटल्या आल्या. दहा लेकरं झाली. उरलेली नऊ. पुढची लस आठवड्याने यायची होती आणि ट्रक सकाळी निघणार होते.

सिस्टरांनी नऊही जणांची नावं एका कागदावर लिहिली, आणि प्रत्येक आईच्या हातात वेगळी चिठ्ठी दिली: या बाळाची गोवराची लस राहिली आहे, कृपया द्यावी. त्यातली एक दहा महिन्यांची होती, पायल. तिची आई विचारत होती, "तिकडं कोणाला दावू, सिस्टर?" सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्याचं कोणी बी आलं की दाव. मी फोन करते तिकडं."

फोन त्यांनी केले, ह्याला मी साक्षी होतो. ट्रक सीमेपलीकडच्या एका कारखान्यावर गेले होते. तिथल्या केंद्रावर मराठी कळेना, म्हणून सिस्टर तेलुगू, हिंदी आणि दहा-बारा कन्नड शब्द एकत्र करून बोलल्या. पलीकडून एकच उत्तर आलं. ही माणसं आमच्या यादीत नाहीत. आठवड्याने पुन्हा तेच. महिन्याने पुन्हा तेच. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते ऐकत होतो. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज काहीतरी टाइप करायला निघायचं.

पाडव्यानंतर माणसं परत आली. सिस्टर दुसऱ्याच दिवशी तांड्यावर निघाल्या, मलाही बरोबर घेतलं. नऊपैकी तिघांना तिकडे गोवर झाला होता. दोघं बरी झाली होती. पायल आईच्या कडेवर होती. अंगाने अर्धी राहिली होती. तिचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता.

आईने कमरेची चंची सोडली. तिच्यातून चिठ्ठी काढली. घडी घातली होती तशीच. "कोणी आलंच न्हाई तिथं, सिस्टर. कोणाला दावू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती खरंच विचारत होती. चिठ्ठी नीट सांभाळली, आता ती परत करायची की कसं, असं विचारावं तसं.

सिस्टरांनी पायलला घेतलं. तिच्या तोंडापुढे बोट डावीकडून उजवीकडे नेलं. अर्ध्या वाटेपर्यंत पोर बोटाकडे बघत होती, मग बोट हरवलं आणि ती रडायला लागली.

परतताना बाभळीखाली मी मोटारसायकल थांबवली आणि सगळं सांगितलं. सिस्टर मागच्या सीटवरून उतरल्या. घड्याळ मनगटावर गोल फिरवत उभ्या राहिल्या.

"बदलायला कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"आन् बदललं कोणी?"

"मी."

"मला खोटं कोणी बोललं?"

त्या शिव्या देतील, रडतील, तक्रार करतील, यातलं काहीही मला चाललं असतं. त्या म्हणाल्या, "चल. उन्ह लई झालं." पंधरा दिवस त्या मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारत होत्या. ती शिक्षा किती मोठी होती, हे मला दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

सोळाव्या दिवशी त्या टेबलाशी आल्या. "ए लातूर. भाद्रपद लागला की माझ्यासंगं फिरायचं. तुझ्या कॉम्प्युटरला पाय न्हाईत, तुला हायत."

त्या वर्षी आम्ही अकरा तांडे आणि सगळ्या भट्ट्या फिरलो. कोण कधी जाणार, कुठे जाणार, झोळीत किती महिन्यांचं लेकरू, याची महिनावार यादी मी केली. नांदेडच्या बैठकीत सिस्टर ती घेऊन उभ्या राहिल्या. मोठ्या साहेबांनी विचारलं, "याला आधार काय?" सिस्टर म्हणाल्या, "मुकादमाची वही." बैठकीत हशा झाला. हशा संपेपर्यंत त्या थांबल्या. मग पर्समधून तो जुना कागद काढून त्यांनी नऊ नावं वाचली, आणि तिसऱ्या नावापुढे सांगितलं, "हिचा डोळा गेला." मागणी कोणी कमी केली हे त्यांनी सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मोठ्या साहेबांनी बराच वेळ यादी चाळली. म्हणाले, "यंदा यांना मागतील तेवढी द्या. पुढचं पुढे बघू." त्या दसऱ्याला आमच्या रांगेतून एकही लेकरू परत गेलं नाही. दोन बाटल्या उरल्या.

पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या आणि नांदेडला मुलीकडे राहायला गेल्या. मधल्या काळात नवीन सॉफ्टवेअर आलं. त्यात जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी रकाना नाही. मी शेऱ्याच्या चौकटीत लिहितो. कधी मान्य होतं, कधी फोन येतो. फोन आला की मी भांडतो, आणि दर वेळी जिंकत नाही.

पायलला तिच्या आईने नंतर ऊसतोडीवर नेलं नाही, आजीजवळ ठेवलं. राहिलेला डोळा जपायचा म्हणून दर चार महिन्यांनी तिला नांदेडच्या डॉक्टरांना दाखवावं लागायचं. ते काम सिस्टरांनी अंगावर घेतलं होतं. सकाळच्या एसटीने यायच्या, पोरीला घेऊन जायच्या, संध्याकाळी आणून सोडायच्या. दवाखान्यात डोकावायला वेळ नसायचा. मला हे तांड्यावर गेल्यावरच कळलं.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. आठवड्याने त्यांच्या मुलीचा फोन आला. "आईच्या डायरीत पुढच्या मंगळवारी एका मुलीची डॉक्टरची तारीख आहे. तिच्या घरी कोणाला कळवायचं, ते लिहिलेलं नाही."

मी म्हणालो, "मला कळलं."

मंगळवारी रजा टाकली आणि पायलला घेऊन एसटीत चढलो. पाच वर्षांची झाली आहे. तेल लावून घट्ट वेण्या, हातात खाऊचा डबा. तिला बाहेरचं दिसावं म्हणून मी तिला उजवीकडच्या खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसलो. गाडी हलली. ती खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं?"

"असं न्हाई बसायचं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "ह्या बाजूनं मला दिसत न्हाई. पल्याडच्या खिडकीला मी बसते, आन् सिस्टर हिकडून बसतेत. मंग धक्का लागला तर त्यांना लागतो."

आम्ही उठलो. चालत्या गाडीत तिचा हात धरून पलीकडच्या बाकावर गेलो. ती खिडकीशी बसली आणि बाहेरच्या कापसाच्या शेतांकडे बघू लागली. मी तिच्या उजवीकडे बसलो.