फ्रीझरखालचा फासा

अर्डिस कुबियाकच्या तळघरात उतरायचं तर रिकाम्या हातानं जायची सोय नाही. चीजच्या दुकानात आठवडाभर काउंटरवर उभी राहणारी ही बाई रविवारी फुटबॉलचा सामना आटोपला की अख्खं एक राज्य चालवते, ड्रॅगनांसकट. गोष्ट ती सांगते, बाकीचे आपापला वीर होऊन त्यात उड्या घेतात, आणि कोण जगलं कोण मेलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे. अर्डिस त्यावर चिप्सचा वाडगा ठेवते. तिचे नियम घरचे. खाऊ आणेल त्याला एकदा फासा पुन्हा टाकता येतो. आणि फासा जमिनीवर गेला तरी पडला तिथे खरा, कारण तिची फरशी इतकी कललेली की फासे गोळा करण्यातच संध्याकाळ जायची.

यात मॅडिसनहून जावई आला, ट्रेंट. बिअर उघडण्याआधी बाटलीवरची सगळी अक्षरं वाचणारा माणूस.

"अर्डिस, तुमचं म्हणजे मनाला येईल ते," तो म्हणाला. "एक रविवार तरी पुस्तकाप्रमाणे खेळा."

"खेळू की जावईबापू. आज पुस्तक म्हणेल ते. खाऊबिऊ बंद."

"खाऊ बंद?" शेजारचा वर्लिन दचकला. निवृत्त पोस्टमन, मांडीवर भोपळ्याच्या वड्यांचा डबा.

"खा रे. फक्त त्यावर फासा मिळणार नाही."

आणि नेमका त्याच दिवशी गोष्टीतलं गोठलेलं तळं फोडून ड्रॅगन वर आला. टेबलाभोवती कुणी खुर्चीत टेकेना. वर्लिनचा बुटका वीर बोर्गी कुऱ्हाड घेऊन थेट त्याच्या जबड्यात घुसला आणि कोसळला. आता एकच फासा: दहा किंवा वर आलं तर जगला, नाहीतर संपला.

बोर्गी हे नाव वर्लिनच्या बायकोनं ठेवलेलं, याच टेबलावर, हसून हसून डोळे पुसत. ती गेली. बोर्गी तेवढा राहिला होता.

वर्लिननं फासा टाकला. तो टेबलावरून उडाला, फरशीच्या उतारानं सुसाट निघाला आणि फ्रीझरखाली गडप झाला. अर्डिस विजेरी घेऊन पालथी पडली.

"किती?" वर्लिननं विचारलं.

"तीन," ती फरशीलाच म्हणाली.

"तो धरायचाच नाही!" ट्रेंट ओरडला. "जमिनीवरचा फासा बाद. पुस्तकात आहे."

"दाखव."

ट्रेंटनं वाडगा बाजूला करून पानं उलटली. पुढून मागे, मागून पुढे. त्याचे कान लाल होत गेले.

"आमच्या कॉलेजात तर असंच खेळायचे..."

"म्हणजे तुझाही घरचाच नियम," अर्डिस उठून गुडघे झटकत म्हणाली. एरवी या वाक्यावर ती महिनाभर जगली असती. आज तिला गंमत वाटेना. पुस्तक मुकं, म्हणजे निवाडा तिचा. आणि तिच्याच नियमानं बोर्गी मेला होता.

"अर्डिस, माझ्यावर दया करू नकोस," वर्लिन म्हणाला. "तुझी फरशी मला ठाऊक आहे. तीन म्हणजे तीन."

ती काही बोलणार तोच ट्रेंटनं पुस्तक मिटलं. त्याच्या मिशीला भोपळा लागलेला होता.

"वर्लिननं वड्या आणल्यात ना?" तो म्हणाला. "मी चार खाल्ल्या. त्याला पुन्हा टाकू द्या."

"पुस्तकात कुठाय हे?"

"पुस्तक गेलं खड्ड्यात, सासूबाई!"

त्यानं स्वतःच टेबलाच्या उताराकडच्या कडेला दोन्ही हातांची भिंत केली. बाकीच्यांनीही हात लावले. फासा फिरला, ट्रेंटच्या अंगठ्यावर आपटला, थांबला. अकरा.

वर्लिननं डबा ट्रेंटपुढे सरकवला. ओरडा एवढा झाला की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकू लागला.

पुढच्या रविवारी ट्रेंट दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन जिना उतरला, सॉसेज आणि बटाटे.

"दोन पदार्थ, दोन फासे," तो म्हणाला.

"एका माणसाला एकच," अर्डिस म्हणाली. हा नियम तिनं जिन्यावर त्याची पावलं वाजली तेव्हा केला होता.